घराबाहेर काढून कोण सुधारलंय?

“थारा देऊ नका, आपोआप वठणीवर येईल.” ठाणे जिल्ह्यात डोळखांबच्या नाक्यावर, किन्हवलीच्या बाजारात, मुरबाडच्या एसटी स्टँडवर, कुठेही नशेला लागलेल्या पोराचा विषय काढा, हे वाक्य हजर. कधी सरपंच बोलतात, कधी मास्तर, कधी पोराचा सख्खा चुलता. बोलणाऱ्याच्या आवाजात चार पावसाळे जास्त पाहिल्याचा भाव असतो. समोर बसलेली आई बहुतेक वेळा मान खाली घालून ऐकते, कारण पुढचं वाक्य तिला पाठ असतं: तुझ्या लाडानंच वाया गेला तो.

हा सल्ला कठोर आहे ही माझी तक्रार नाही. कठोर पण गुणकारी असता तर मीही दिला असता. तो लागूच पडत नाही, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तर जिवावर बेततो. तरीही तो शहाणपण म्हणून गावोगाव वाटला जातो, म्हणून हा खटाटोप.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर म्हणतील, याला गावचं काही माहीत नाही. या माणसांनी घरं बुडताना पाहिली आहेत. दारुड्या नवऱ्याची गुत्त्यावरची उधारी बायकोनं भातलावणीच्या मजुरीतून फेडायची आणि त्यानं दुसऱ्या दिवशी तिथेच नवी वही उघडायची, हे त्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. पोरानं घरातला मोबाइल विकला तर आई म्हणते हरवला. शाळेत जात नाही तर म्हणते ताप आहे. रात्री उशिरा आला की बापाला कळू नये म्हणून मागचं दार हळूच उघडते. या पांघरुणाखाली व्यसन उबेत वाढतं, हे त्यांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष भलताच आहे. पैसा बंद करायचा, खोटं बंद करायचं, उधारी फेडणं बंद करायचं, इथवर बरोबर. तिथून ते एकदम ताट आणि अंथरूण बंद करण्यावर उडी मारतात. पैशानं नशा विकत येते. भातानं येत नाही.

आता घराबाहेर काढलेला पंधरा वर्षांचा पोरगा जातो कुठे, ते बघू. डोंगरात जाऊन तप करत नाही. डोळखांबहून मिळेल त्या जीपनं शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन, आणि पुढे कसाऱ्याहून येणारी लोकल त्याला तासाभरात कल्याणला टाकते. नाहीतर भिवंडीकडच्या गोदामांत हमाली, हायवेच्या ढाब्यावर कपबशा, किंवा वीटभट्टीवर एखाद्या ओळखीच्या कुटुंबाच्या झोपडीत आडोसा. डोळखांबला त्याला पुडी मिळवायला ओळख लागत होती, कल्याणच्या फलाटावर लागत नाही. गावात निदान कोणीतरी म्हणत होतं, अरे अमक्याचा ना तू, घरी जा. तिथे त्याला घरी जा म्हणणारं कोणी नाही, आणि ज्यांच्याकडे तो झोपायला जागा मागतो त्यांच्यातल्या काहींना त्याच्याकडून काम हवं असतं: ही पिशवी तिकडे पोचव. म्हणजे गावानं व्यसन सोडवायला पोरगा काढला आणि धंद्याला एक पोऱ्या मिळवून दिला.

“पण तळाला गेल्याशिवाय माणूस वर येत नाही,” हा यावरचा ठरलेला जबाब. या तळाचं मूळ कुठे आहे? १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं. त्याचे सुरुवातीचे सभासद बहुतेक प्रौढ, नोकरी-धंदा, बायको-मुलं, इज्जत असं पुष्कळ काही कमावलेले आणि दारूपायी गमावलेले लोक होते. हरण्यासारखं खूप होतं, म्हणून हरल्यावर जाग आली. त्या संघटनेच्या १९५३ च्या पुस्तकातच पुढे मान्य केलंय की इतकं खोल जायची गरज नाही, तळ वर आणता येतो. आपल्याकडे पोचताना तेवढा भाग गळला. ज्याची नववीसुद्धा झालेली नाही त्या पोराकडे हरायला काय आहे? नोकरी नाही, बायको नाही, नाव नाही. एक घर आहे, आणि तेच आपण पहिल्या फटक्यात काढून घेतो. त्याच्यापुढे जो तळ उरतो तो भट्टीवरच्या विहिरीचा किंवा रुळांमधला.

यावर मोजमापही झालेलं आहे. १९९९ साली अमेरिकेत विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उपचाराला तयार नसलेल्या दारुड्यांच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या रीती शिकवून पाहिल्या. ‘तू तुझं बघ, त्याला सोडून दे’ या धर्तीच्या रीतीनं १०० पैकी १३ जण उपचाराला आले. सगळ्या नातेवाइकांनी जमून एकदाच तोंडावर बोलायचं, या रीतीनं ३०. आणि घरच्यांनी सोबत राहायचं, शुद्धीतल्या वेळेला जवळीक द्यायची, नशेतल्या वेळेला काढून घ्यायची, योग्य क्षणी दवाखान्याचं नाव काढायचं, असं शिकवलं तिथे ६४. हे प्रौढ दारुड्यांचे आकडे आहेत आणि परदेशातले आहेत, हे मी लपवत नाही. पण अडेल, प्रौढ माणसांवर जर घरच्यांच्या जवळिकीचा एवढा जोर चालतो, तर जेवायला अजून आईच्याच हाताकडे बघणाऱ्या पोरावर तो कमी चालेल, असं म्हणणाऱ्यानं आपला पुरावा आणावा.

दुसरा सल्ला फटक्यांचा. चार ठेवून दिल्या की भूत उतरतं म्हणे. इथे मला सावकाश बोलायचं आहे, कारण हा गैरसमज सर्वांत महाग पडतो.

आपल्या भागातली लहान पोरं बहुतेक वेळा महागडी पावडर ओढत नाहीत. ती सुरुवात करतात तंबाखू-मशेरीनं, गुटख्याच्या पुडीनं, आणि मग काही जण जातात त्या पिवळसर ट्यूबकडे, जी कुठल्याही पंक्चरवाल्याच्या फळीवर ठेवलेली असते. सोल्युशन. रुमालावर किंवा प्लॅस्टिकच्या पन्नीत पिळायचं, मूठ तोंडापाशी धरायची आणि खोल श्वास घ्यायचा. त्यात टोल्युइन आणि त्याच जातीचे उडून जाणारे द्रव असतात. ते काही सेकंदांत मेंदूत पोचतात आणि काही मिनिटांत ओसरतात, म्हणून पोरगं पुन्हा पुन्हा ओढतं. भूक मरते, थंडी कळत नाही. नाका-ओठांभोवती चट्टे येतात, शर्टाच्या बाहीला रंगाच्या दुकानासारखा वास येतो. फार दिवस चाललं तर पायांतल्या नसा मरतात आणि पोरगं अडखळत चालायला लागतं. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट डोळ्यांत भरते: हुंगायची नशा हा एकच प्रकार असा आहे, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं. दहा ते सतरा वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८.

आता फटक्यांचं. हे द्रव हुंगल्यावर हृदय अशा अवस्थेत असतं की अंगात एकदम भीतीची लाट उसळली तर त्याचा ठोका भलत्या तालात जाऊ शकतो आणि पोरगं जागच्या जागी कोसळू शकतं. पहिल्यांदाच हुंगणाऱ्याच्या बाबतीतही हे घडतं. डॉक्टरांना ही गोष्ट अर्धशतकाहून जास्त काळ ठाऊक आहे. म्हणजे शाळेच्या मागे पोरगं रुमाल तोंडाला लावून बसलेलं दिसलं आणि आपण काठी घेऊन “थांब रे” करत मागे धावलो, तर आपण त्याला शिस्त लावत नाही, त्याचा जीव पणाला लावतो. करायचं ते उलट. आवाज चढवू नका. रुमाल हळू काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा, गुंगी असेल तर कुशीवर निजवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, बरं दिसत नसेल तर १०८ ला फोन लावा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटात काही गेल्यावर. गुंगीत दिलेलं भाषण त्याला आठवत नाही, मार मात्र आठवतो.

कोंडून ठेवण्याचंही तसंच. रोज सकाळपासून दारू लागणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असेल आणि त्याला एकदम खोलीत कुलूपबंद केलं, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, त्यातून मृत्यूही येतो. घरचे म्हणतात, नाटकं करतोय, किंवा बाहेरची बाधा झाली, आणि भगताला बोलावतात. दारू तोडायचीच आहे, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, गोळ्यांच्या आधारानं.

तिसरा सल्ला छुपा असतो. भिंतींवर, रिक्षांच्या मागे जाहिरात असते: न सांगता दारू सोडवा. कुणीतरी पावडर आणून देतं, आई ती भाजीत कालवते. या पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते खरं औषध आहे, मानसोपचारतज्ज्ञ ते देतात, पण रुग्णाला सांगून, तपासून आणि बजावून, कारण ते पोटात असताना दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला माहीतच नाही की आपल्याला औषध दिलंय, तो पिणारच. मग पोरगं तडफडतं आणि आईला वाटतं, गुण आला. हा गुण नव्हे, विषबाधा आहे.

लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुटेल, हा चौथा. याला मी दोन ओळींपेक्षा जास्त जागा देणार नाही. स्वतःच्या घराला न पेलणारं ओझं दुसऱ्याच्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचं, तेही पोराची एकवीस वर्षं पुरी व्हायच्या आत, हा गुन्हा तर आहेच, निलाजरेपणाही आहे.

आणि मग येतं ते पांढरपेशं वाक्य, जे शहापुरातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत जास्त ऐकू येतं: “यांच्या रक्तातच आहे दारू. कातकरी-ठाकरांची पोरं, मोह काढणारी माणसं, त्यांना काय सांगणार?” याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, कारण हे बोलणाऱ्यानं आपल्याच जिल्ह्याचा इतिहास वाचलेला नसतो. मोहाची दारू घरी गाळणं, सणाला, लग्नाला, देवाला ती ठेवणं ही जुनी रीत आहे, खरं. तिला वेळ होती, काळ होता, पंगत होती. इंग्रज सरकारनं १८७८ च्या अबकारी कायद्यानं घरची गाळप बेकायदा करत आणली, ठेकेदारांची दुकानं मांडली, आणि १८९२ साली खास ठाणे-कुलाबा जिल्ह्यांवर बोट ठेवून मोहफुलांवरच निर्बंध घालणारा कायदा केला. झाडाची फुलं वेचायची नाहीत, पण दुकानातली दारू विकत घ्यायची, उधारीत. दारू आणि कर्ज एकाच माणसाकडे मिळू लागलं. सणाची दारू रोजची झाली ती रक्तामुळे नाही, वहीमुळे.

शिवाय १९२२ साली काय झालं ते या लोकांना कोणी सांगत नाही. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून सुरू झालेली देवीची लाट आदिवासी गावांतून दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. अंगात आलेली देवी सांगत होती: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. हजारोंनी सोडली. बाहेरचा सुधारक आला नव्हता, पोलीस आला नव्हता. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं या चळवळीवर अख्खा ग्रंथ लिहिलाय. पुढे कित्येक जण परत प्यायला लागले, हेही खरं, पण रक्तात असलेली गोष्ट माणसं असं एकमतानं सोडतात होय?

ज्याला पोराच्या रक्तात दारू दिसते त्याला शाळेसमोरची टपरी दिसत नाही, हा योगायोग नाही. पोर गरीब आहे, टपरीवाला मतदार आहे, कधी कधी पाहुणाही आहे. कायदा मात्र कोणाकडे बोट दाखवतो ते बघा. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा माल देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८: मुलाच्या हातून दारू किंवा अमली पदार्थ विकणाऱ्याला, पोचवणाऱ्याला तेवढीच शिक्षा. २००३ च्या तंबाखू कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकायला बंदी. गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे दुसरीतलं पोरगंही सांगेल. सोल्युशनची ट्यूब या यादीत सरळ बसत नाही, ते कायद्यातलं भोक आहे. पण पंक्चरवाल्याला “सायकल नसलेल्या पोराला ट्यूब द्यायची नाही” एवढं सांगायला कायदा कशाला लागतो?

आणि अधिकार नाहीत अशी सबब शहापूर तालुक्यानं तरी सांगू नये. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचीही कित्येक गावं आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालायचा, नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, राज्याचे नियम २०१४ पासून आहेत. जी सभा एका आईला उभं करून “तुझ्या पोराला आवर” म्हणू शकते, तिनं टपरीवाल्याला उभं केल्याचं मी अजून ऐकायचा आहे.

पोलिसांची भीती हाही घरच्यांना गप्प बसवणारा मोठा धोंडा. दवाखान्यात नेलं तर केस होईल, नाव जाईल, पुढे नोकरी मिळणार नाही. खरी परिस्थिती अशी: अठरा वर्षांखालच्या मुलाचा नशा केल्याचा मामला मोठ्यांच्या कोर्टात जात नाही, तो बाल न्याय मंडळापुढे जातो. नशेच्या विळख्यात ओढलं जाण्याचा धोका असलेलं मूल हे कायद्याच्या भाषेत ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे: जो व्यसनी आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्ध्यात सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं, एवढी अट. म्हणजे सरकारी दवाखाना हा पोराला पकडून देणारा नाही, झाला तर वाचवणारा आहे.

मग “केंद्रात टाका” म्हणणारे पुढे येतात. टाका हे क्रियापद लक्षात ठेवा. सहा महिने पैसे भरायचे, गाडी रात्री येते, चार जण पोराला उचलून नेतात, भेटायला मनाई. अशा काही केंद्रांतल्या मारहाणीच्या, मृत्यूच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनातून आलेल्या आजारालाही लागू आहे. त्यात साखळीनं बांधायला बंदी आहे. अल्पवयीन मुलाला अपवाद म्हणूनच दाखल करायचं, मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, आणि त्याच्यासोबत घरचं माणूस किंवा नेमलेला सोबती पूर्ण वेळ राहील असं पाहायचं, असं तो सांगतो. संसदेनंसुद्धा मानलंय की पोराजवळ माणूस हवं, फक्त आपल्या पाराला ते मान्य नाही. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, आईला भेटू देता का, एवढे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याला टाळाटाळ झाली तर उलट पावली परत या.

चांगलं केंद्र कसं असतं हे महाराष्ट्राला नव्यानं शोधायचं नाही. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, साथ मुंबई-पुण्यात चढली तेव्हा लेखक अनिल अवचटांना ती कळली ती एका मित्राचा मुलगा त्यात सापडल्यामुळे. त्यांनी लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी वाचून पैसा पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. चालवलं ते डॉ. अनिता अवचट यांनी. आलेल्याला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानायचं, मारायचं नाही, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच पुढे कार्यकर्ते करायचं, आणि घरच्यांनाही उपचारात ओढायचं, ही त्यांची रीत. अनिताबाई १९९७ साली गेल्या, काम पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी चालवलं. तिथे साधारण महिनाभराचं वास्तव्य असतं आणि त्यानंतर पाठपुरावा. घरी परतल्यावरची वर्षं हाच खरा उपचार, हे ते पहिल्यापासून धरून आहेत. आता सांगा, ज्याला परतायला घरच ठेवलेलं नाही, तो महिन्यानंतर कुठे परतणार?

पुणं लांब आहे, मान्य. डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ बसत नाही, हेही मान्य. पण तिथल्या डॉक्टरला सांगून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापर्यंत चिठ्ठी नेता येते. १४४१६ हा टेलिमानसचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन, दोन्ही फुकट. एम्सच्या त्याच पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते असं निघालं होतं. उरलेल्या सदतिसांत किती जणांना पारावरच्या सल्ल्यानं घरी बसवलं असेल, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

आई सोबत राहते म्हणजे नेमकं काय करते? ताट वाढते, पण रोख देत नाही. ठेकेदाराला पोराची मजुरी त्याच्या हाती न देता घरी आणून द्यायला सांगते. शाळेत खोटं कारण कळवत नाही; वर्गशिक्षकांना एकटं गाठून खरं सांगते. शुद्धीत असलेल्या दिवशी त्याच्याशी बैल, क्रिकेट, मामाचं लग्न, कशावरही बोलते, नुसतं नशेवर नाही. तो चार दिवस कोरा राहिला तर त्याला ते बोलून दाखवते. पाचव्या दिवशी घसरला तर चार दिवस वाया गेले असं म्हणत नाही. घसरणं हा या आजाराचा भाग आहे, मधुमेह्याची साखर चढते तसा. आणि स्वतःसाठी एखादी बाई शोधते, जिच्यापाशी रडता येईल, कारण हे महिनोन् महिने एकटीनं ओढायचं काम नाही. यातलं एकही काम लाडाचं नाही. घराबाहेर काढायला एक रात्र पुरते. हे करायला वर्ष लागतं.

बापाविषयी बोलायचं मुद्दाम मागे ठेवलं होतं. संध्याकाळी ओसरीवर क्वार्टर उघडून बसणारा बाप पोराला “नशा करतोस?” म्हणून पट्ट्यानं झोडतो, तेव्हा पोरगं काय शिकतं हे सांगायला तज्ज्ञ नको. पोरासाठी म्हणून त्यानं आधी आपली बाटली घरातून हलवावी. सोडणं जमत नसेल तर पोराबरोबर त्यानंही डॉक्टरपुढे बसावं. असे बापलेक एकाच बाकावर बसलेले मी पाहिले आहेत. दोघंही खाली बघत होते, नंबर लागला तेव्हा पोरगाच आधी उठला आणि “चल ना बा” म्हणाला.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याला मी गोड उत्तर देणार नाही. “तो चोरी करतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो, तरी ठेवायचा?” चोरी करत असेल तर डागिने, धान्याचे पैसे, मोबाइल दुसऱ्याच्या घरी ठेवा, त्याला तोंडावर सांगून ठेवा. बहिणीला मार बसत असेल तर त्या रात्री तिला मावशीकडे पाठवा, आणि गरज पडली तर १०९८ वर चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. तिचं संरक्षण आधी, त्यात तडजोड नाही. पोरगा वीस-बावीसचा, अंगानं दांडगा आणि आईला मारणारा असेल, तर त्या आईला त्याच्यासोबत एका छपराखाली राहायला सांगायचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. तिनं दार लावलं तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन. तेव्हाही ती त्याला म्हणू शकते: या घरात झोपू देणार नाही, पण ज्या दिवशी दवाखान्यात चल म्हणशील त्या दिवशी मी शहापूरच्या गाडीत तुझ्या शेजारी बसेन. अठराच्या आतल्या पोराला मात्र हे लागू नाही. त्याला घरात धोका वाटत असेल किंवा घराला त्याचा धोका असेल, तर बाल कल्याण समिती आहे, मामा आहे, आजी आहे. रस्ता हा पर्याय नाही. ज्यांना तो पर्याय वाटतो त्यांनी एकदा रात्री साडेअकराला कल्याणच्या फलाटावर उतरावं, पुलाखाली पन्नी घेऊन बसलेल्या पोरांना गाव विचारावं, आणि त्यांना घरातून जा म्हणून कोणी सांगितलं होतं तेही विचारावं.